लाकडी ठोकळा सोडून ॲल्युमिनियमचा प्लेट बेस घेतला, कसा आहे ते सांगतो

ज्यांच्या प्रेसमधली ट्रेडल (पायानं चालवायचं जुनं छपाई मशीन) अजून भंगारात गेली नाही त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचलं तरी हरकत नाही. पॉलिमर प्लेट (उठावाच्या अक्षरांची प्लास्टिकची छापायची प्लेट) लावायला ॲल्युमिनियमचा बेस बनवून घेतला, नागपूरला हिंगणा एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे त्याच्याकडून, आणि आता त्याच्यावर अख्खी लग्नसराई, उन्हाळा आणि पावसाळा असं सगळं काढून झालंय म्हणून खरं काय ते सांगता येतं. वस्तू एक नंबर आहे, पैसे वसूल, पण तो जसा देतो तसा घेऊ नका, माप आपलं आपण द्या. काहून, ते खाली सांगतो.

आधी आमचं काम कसं आहे ते सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतं का ते कळेल. आम्ही दारव्ह्याकडचे, यवतमाळ जिल्हा. ऑफसेटचं काम बाहेरून करून आणतो, घरी क्राउन फोलिओ ट्रेडल आहे, मोटर लावलेली, लाईन गेली की पायावर. तिच्यावर चालतं काय तं तयार कार्डावर लग्नपत्रिकेचा मजकूर, कृषी केंद्राचे बिलबुक, जिनिंगच्या वजनपावत्या, त्याच्यावर नंबरिंग, परफोरेशन, क्रीजिंग. खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) आहेत अजून केसमध्ये पण मराठीचे खिळे लय घासले, वेलांट्या तुटल्या, आणि जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, म्हणाल तं एक काका आहेत ते मूड असला की येतात. म्हणून मजकूर कॉम्प्युटरवर लावायचा, फाइल नागपूरला पाठवायची, तिकडून पॉलिमर प्लेट एसटीच्या पार्सलनं येते. (फॉन्ट आउटलाइन करून पाठवा रे बाबांनो, नाहीतर जोडाक्षरांचा खिमा होऊन येतो, मग प्लेटवाल्याशी भांडून काही होत नाही.)

तं ही प्लेट म्हणजे पातळ शीट, दीड एमएमची. तिला खिळ्याच्या उंचीला आणायचं म्हणजे खाली काहीतरी पाहिजे. आपल्याकडच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३२ एमएम. पूर्वी जस्ताचा ब्लॉक यायचा तेव्हा ब्लॉक मेकरच तो लाकडावर बारीक चुका ठोकून बरोबर उंचीचा करून द्यायचा, आपल्याला डोकं लावायची गरज नव्हती. पॉलिमर आल्यावर ते काम आपल्या गळ्यात पडलं आणि आपण सगळ्यांनी काय केलं तं जुन्या ब्लॉकखालचे ठोकळे काढले, त्याच्यावर डबल साइड टेप मारली, प्लेट चिकटवली आणि उंची कमी पडली तिथे खाली कागद कोंबले. चालतं, नाही असं नाही. पण एक पत्रिका मशीनवर चढवायला लागणारा निम्मा वेळ त्या कागद कोंबण्यात जातो.

लाकूड आमच्याकडे वाईट नाही, सागवान तं विदर्भाचं घरचं, अयोध्येच्या राम मंदिराला २०२३ मध्ये सागवान गेलं ते पण बल्लारशाहूनच. पण सागवान कितीही भारी असलं तरी ते हवेतली ओल पितं आणि सोडतं. मायक्रोमीटर लावून बघा, एप्रिलमध्ये जो ठोकळा बरोबर असतो तो ऑगस्टमध्ये दीड-दोन दशांश एमएमनं जाड होतो, आणि सगळीकडून सारखा नाही होत, एका कोपऱ्यात जास्त, मधे कमी. आता दोन दशांश म्हणजे काय, सत्तर जीएसएमचा मॅपलिथो कागद असतो साधारण नऊ शतांश एमएम, म्हणजे दोन कागदांचा फरक झाला. ट्रेडलवर दोन कागदांचा फरक म्हणजे एका बाजूला अक्षर जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब. ॲल्युमिनियमचं गणित करून पाहिलं, तीस डिग्रीनं गरम झालं तरी एवढ्या जाडीला वाढ होते फक्त दीड शतांश एमएम. आमच्याकडे जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली पत्र्याखालची दुपार यात जेवढा फरक असतो तेवढा धरला तरी छापणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसणार नाही.

आणि देवनागरीला हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त असतो हे माझं पक्कं मत आहे. इंग्रजीत अक्षरं सुटी सुटी, एखादं थोडं हलकं आलं तरी खपून जातं. आपल्याकडे वर शिरोरेखा, पूर्ण ओळभर आडवी रेघ, तिच्यात उंचीचा फरक लगेच दिसतो, इकडून काळी तिकडे जाता जाता करडी. आणि अनुस्वार. सुटा ठिपका, त्याच्या आजूबाजूला आधाराला काही नाही, प्लेट तिथे उंच असली की रोलर त्याला दाबून दाबून दोन दिवसात उडवून टाकतो. मग ‘मंगल’चं ‘मगल’ होतं. मंगल परिणयाच्या निळ्या कार्डावर हे होऊन कसं चालेल सांगा, लोकं ते कार्ड वर्षानुवर्ष जपून ठेवतात.

बेस आला तो असा: दोनशे बाय दीडशे एमएम, जाडी २१.७, वजन पावणेदोन किलोच्या आसपास, वरून काळं ॲनोडाइज (कडक थर), त्याच्यावर लेझरनं पाच पाच एमएमचे चौकोन आखलेले. असे रेघा मारलेले बेस अमेरिकेत बॉक्सकार नावाची कंपनी कधीपासून विकते, कल्पना तिथलीच, आपल्या माणसानं इथे करून दिलं एवढंच. मी आल्याआल्या मायक्रोमीटर घेऊन बसलो, चार कोपरे आणि मधला, तीन शतांशाच्या आत सगळं. त्याला विचारलं की ग्राइंडिंग केलं का, तं म्हणे ॲल्युमिनियम चुंबकावर धरत नाही आणि ग्राइंडरच्या चाकाला चिकटतं, म्हणून मिलिंगवर फ्लाय कटरनं दोन्ही बाजूनं काढलं. बावीसची प्लेट घेऊन २१.७ ला आणली. काम साफ आहे, रेघांवर नख फिरवलं तं अडकत नाही, म्हणजे शाई भरून बसायची भानगड नाही.

२१.७ च काहून, हे नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेक जण फसतील. प्लेट १.५२ एमएमची, चिकटवायची पातळ फिल्म एक दशांश, आणि बेस २१.७, बेरीज करा, २३.३२. बरोबर खिळ्याची उंची. आता तुम्ही बाजारातून फ्लेक्सोवाल्यांची (पिशव्या-पॅकेट छापणाऱ्यांची) फोमची टेप आणली, ती असते ०.३८ किंवा त्याहून जाड, तं प्लेट पाव एमएमपेक्षा जास्त वर निघाली. वर फोम दबतो म्हणजे अक्षर नाचतं. आणि तुमचा प्लेटवाला ०.९५ ची प्लेट देत असेल तं उलटा प्रकार, अर्धा एमएमच्या वर कमी पडते, बेसखाली अर्धा एमएमचं शीट आणि वर एक पातळ कागद टाकावा लागेल. शिवाय पातळ प्लेटमध्ये अक्षराची खोली कमी, आपल्या ट्रेडलचे रोलर जरा जरी खाली बसले असतील तं ते बेसला लागतात आणि मोकळ्या जागेत शाईचे डाग उठतात. म्हणून आधी प्लेटवाल्याला विचारा कितीची देतो, मग टेप ठरवा, सगळ्यात शेवटी बेस बनवायला टाका. दुकानात जाऊन नुसतं ‘खिळ्याच्या उंचीचा बेस द्या’ म्हणाल तं तो बिचारा २३.३२ चा ठोकळा करून देईल आणि तो काही कामाचा नाही.

फरक काय पडला तं पहिली पत्रिका चढवली, टिंपनखाली (दाबाच्या पाटावर ताणलेल्या कागदाखाली) नेहमीचं पॅकिंग, एक प्रूफ काढलं आणि सरळ चालू. वरचा गणपती, खालची ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’वाली ओळ, सगळं सारखं. मेकरेडी (कागद लावून दाब सारखा करणं) एकदम शून्य होत नाही, मशीनचा प्लॅटन, म्हणजे तो दाबाचा पाट, आपला म्हातारा आहे त्याचा तिरपेपणा राहतोच, पण आता तो एकदा टिंपनमध्ये कागद लावून काढला की पुढच्या पत्रिकेला तोच चालतो. आधी तिरपेपणा मशीनचा की ठोकळ्याचा हेच कळत नव्हतं. मला विचाराल तं बेसचा खरा फायदा हाच आहे.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी म्हणजे माप एमएममध्ये आहे. आपलं फर्निचर, लेड (मोकळी जागा भरायचे ठोकळे आणि पट्ट्या), सगळं पायकात, म्हणजे छापखान्याच्या जुन्या मापात, त्याचा एक एम म्हणजे ४.२२ एमएम धरा. दोनशे एमएम म्हणजे साडेसत्तेचाळीस एमच्या जवळपास, ना इकडे ना तिकडे, चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) बसवताना प्रत्येक वेळी लेड आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या भरून फट मिटवावी लागते, क्वाइन (आवळायच्या पाचरी) आवळले की पट्टी सरकते. अरे दादा, ४८ बाय ३६ एम कर ना, म्हणजे २०२.४ बाय १५१.८ एमएम, आपलं फर्निचर कडेला खट्ट बसेल. मी त्याला फोनवर हे सांगितलं तं त्याला पायका म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही, तो बिचारा मोटारीचे पार्ट बनवतो. मी लांबी लिहून दिली तशी पुढची करून देतो म्हणाला. रेघासुद्धा पाचऐवजी एम-एमवर पाहिजेत आणि मधली उभी-आडवी रेघ जाड पाहिजे, आत्ता मध्य शोधायला मोजत बसावं लागतं.

दुसरी, कडा. वरची कड धारदार ठेवली, बोट कापतं आणि रोलरला पण चरा पडायची भीती. मी बारीक पॉलिश पेपर मारून घेतला. हे दोन मिनिटाचं काम त्यानंच करून द्यायला पाहिजे होतं.

तिसरी गोष्ट नंबरिंगवाल्यांसाठी. बिलबुकात मजकूर आणि नंबर एकाच फेरीत मारायचे असतात, नंबरिंगच्या डबीचा जो ‘नं.’चा दांडा असतो तो खिळ्यापेक्षा वर असतो, दाबला की आकडा फिरतो, म्हणून ती डबी बेसच्या बाहेर, थेट मशीनच्या तळावर बसली पाहिजे. अख्खा एकच ठोकळा असला की नंबर फक्त कडेलाच मारता येतो. गिऱ्हाईक म्हणतो नंबर उजवीकडे वर पाहिजे, मजकुराच्या आत, मग काय करता? तुकड्यांत बेस पाहिजे, सगळे एकाच वेळी एकाच सेटिंगवर मिलिंग केलेले, नाहीतर त्यांच्यात आपसात फरक येतो. माझ्या मते खेड्यातल्या प्रेसनं मोठा एक बेस घेण्यापेक्षा तीन छोटे घ्यावेत. मोठा पाहिजे असला तर तिघांना बाजूबाजूला आवळायचं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो कारण पुण्या-मुंबईवाले हे सांगणार नाहीत. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ॲल्युमिनियमला हात लावता येत नाही असं होतं, बेस नाही सरकत पण टेपचा डिंक ढिला पडतो आणि हजारभर छापून झाले की प्लेट केसभर खाली उतरते. दोन रंगाचं काम असलं तर मेलाच माणूस. त्याला उपाय एवढाच की प्लेट लावायच्या आधी बेस स्पिरिटनं कोरडा पुसायचा, घासलेटचा वास सुद्धा राहिला नाही पाहिजे, प्लेट मधून बाहेर दाबत लावायची, आणि रंगीत काम सकाळी उरकायचं. प्लेट धुताना पाणी अजिबात नको, ती पाण्यानंच धुऊन बनवलेली असते, फुगते. घासलेटनं पुसली तर चालते पण फडकं ओलं चिंब नको, कडेतून आत गेलं की डिंक सुटतो. आणि काम झालं की प्लेट काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद. उघडी ठेवली तर इथल्या कोरड्या हवेत ती वाळते, कडा वर उचलतात, पुढच्या हंगामात चिकटवायला गेलं की पापडासारखी तडकते. पावसाळ्यात हे काहीच होत नाही, पावसाळा बेससाठी मस्त.

काका, म्हणजे आमचे जुळारी, त्यांना हा बेस दाखवला तं आधी तोंड वाकडं केलं. "लोखंडी मशीनीत परत धातूचा ठोकळा, खाली मऊपणा काहीच नाही, प्लेट मरन ना तुही." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, लाकूड जरा दबतं, चूक झाकून घेतं, ॲल्युमिनियम काहीच झाकत नाही. पॅकिंग एक कागद जास्त झालं की अक्षराची कड ठेचते. म्हणून पॅकिंग कडक आणि कमी, हलक्या दाबापासून सुरू करून एक एक कागद वाढवत जायचं. तेच काका मग बिलबुकाचं प्रूफ उलटं करून मागून बोट फिरवून बघत होते आणि काही लागलं नाही म्हणून खुश. आता फॅशन उलटी आहे, शहरातले डिझायनर जाड कापसाचा कागद आणतात आणि म्हणतात ठसा खोल पाहिजे, बोटाला लागला पाहिजे. काकाला हे सांगितलं तं म्हणे, "मागून अक्षर उठलं तं आमचा मालक पैसे कापे राज्या, आन तुम्ही त्याचेच जास्त घेता!" असं काम महिन्यातून एखादं येतं आमच्याकडे, पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचं लग्न असलं की, आणि त्याला मात्र हा बेस लाकडापेक्षा कितीतरी पटीनं बरा, दाब सगळा कागदात जातो, ठोकळ्यात मुरत नाही.

चुंबकाचा बेस घ्यावा का असं बऱ्याच जणांनी विचारलं. एका प्रेसमध्ये पाहिला आहे, प्लेट उचल आणि ठेव, टेपच नको, सरकवून जुळवता येते, काम बघून जीव लागतो. पण त्याला मागून स्टीलची असलेली प्लेट पाहिजे, आपल्याला येते ती प्लास्टिकच्या पाठीची, ती चुंबकावर नुसती पडून राहील. स्टीलवाली महाग आणि मागवून घ्यावी लागते. वर आपल्या प्रेसमध्ये परफोरेशनच्या पट्टीचा चुरा, तुटक्या पिना, लोखंडी कचरा उडतोच, तो चुंबकाला चिकटून प्लेटखाली गेला की तिथे फोड आल्यासारखं उंच. दिवसभर एकाच प्रकारचं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला ठीक आहे. आपल्याला नको.

फॉइलसाठी (सोनेरी-चंदेरी गरम ठशासाठी) विचारणाऱ्यांना सरळ नाही. गरम प्लेटवर बेस टिकेल पण पॉलिमर आणि टेप टिकणार नाही, त्याला मॅग्नेशियम नाहीतर पितळेची डायच लागते.

किंमत मला साडेचार हजाराच्या आत पडली, ॲनोडाइज आणि लेझर धरून. नुसतं मिलिंग करून, वरच्या रेघा न मारता घेतला तर बराच स्वस्त पडेल आणि खरं सांगू का, रेघा मार्करनं आणि स्टीलच्या पट्टीनं घरी मारता येतात. ॲनोडाइज मात्र सोडू नका, कोऱ्या ॲल्युमिनियमवर शाई पुसताना काळा हात होतो आणि तोच हात पांढऱ्या कार्डाला लागतो. वेळ त्यानं सांगितल्यापेक्षा जास्त घेतला, लग्नसराई तोंडावर आलेली आणि हा रोज उद्या-परवा करत होता, फोन केला की मशीन दुसऱ्या जॉबला लागलंय. मोठ्या कारखान्याचं काम आलं की आपला एक ठोकळा मागे पडणारच, तेवढं धरून चाला, दिवाळीच्या आधी ऑर्डर टाका. पॅकिंग चांगलं केलं होतं, पुठ्ठा आणि थर्माकोल, कुठे ठोक लागली नव्हती.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. ज्यांची ट्रेडल फक्त नंबरिंग आणि क्रीजिंगला उरली आहे त्यांनी कशाला पैसे घालायचे. ज्यांचे रोलर गोल राहिले नाहीत त्यांनी आधी रोलर करून घ्या, सरस-गुळाचे ओतलेले रोलर असतील तं ते मे महिन्यात कसे लोळागोळा होतात ते माहीतच आहे, रबराचे बसवा, मग बेसचं बघा. रोलर खराब असताना बेस बदलून काही फरक दिसणार नाही आणि मग मला शिव्या द्याल. महिन्याला दोन-चार पॉलिमरची कामं असतील तरच हिशोब जमतो.

पाचपैकी चार देतो. एक पायकाच्या मापासाठी कापला. ऑर्डर देताना कागदावर एवढंच लिहून द्या: लांबी २०२.४, रुंदी १५१.८, जाडी तुमच्या प्लेट आणि टेपप्रमाणे, जाडीत कमीजास्त दोन शतांशाच्या वर नको, चारही कडा काटकोनात, वरची धार घासून बोथट केलेली. आणि घ्यायला जाताना आपला मायक्रोमीटर खिशात ठेवा, तिथेच मोजा, मग पैसे द्या. माझी पुढची ऑर्डर ४८ बाय १२ एमच्या तीन पट्ट्यांची आहे, आल्या की नंबरिंगचं कसं जमतं ते टाकतो.